हिवाळ्याआधी उत्तरेकडे

लिहिताना मी 'नवरा' म्हणते आहे. तोंडावर आयुष्यभर 'अहो'च म्हटलं. त्या सप्टेंबरात मात्र 'अहो'च्या पुढे माझं त्याच्याशी धड काही बोलणं नव्हतं. होतं ते भांडण, तेही दबक्या आवाजात. पलीकडच्या खोलीत मामंजी असायचे, आणि सगळी नोकरी मेळघाटच्या जंगलात गेल्यामुळे माझ्या सासऱ्यांचे कान म्हातारपणीही तिखट होते.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. मामंजींच्या पोटात गाठ होती, ती वाढत चालली होती, आणि हे त्यांना कळू द्यायचं नाही असं नवऱ्याने ठरवलं होतं.

साठ सालच्या पुढेमागे आम्ही जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहत होतो. नवरा तिथल्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होता. आधी डॉक्टरेट, मग नोकरी, मग सुट्टी काढून लग्न, अशा क्रमाने त्याने मला तिकडे नेलं. सासूबाई गेल्यावर मामंजी परतवाड्याच्या घरात एकटे पडले, म्हणून थोडे दिवस त्यांनाही बोलावून घेतलं. ते बोटीने इटलीतल्या जिनोव्हापर्यंत आले आणि तिथून आगगाडीने. उतरले तेव्हा धडधाकट दिसत होते. उन्हाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं. आम्ही आधी हवापाण्याला दोष दिला, मग माझ्या स्वयंपाकाला. हा दुसरा दोष अर्थातच नवऱ्याने दिला. शेवटी इस्पितळात त्यांचं पोट उघडलं, पाहिलं, आणि काहीही न काढता परत शिवून टाकलं.

डॉक्टर उंच, थकलेला माणूस होता. तिकडेही तेव्हा असलं काही रोग्याच्या तोंडावर सांगत नसत, घरच्यांना बाजूला घेऊन सांगत. त्याने आम्हा दोघांना खिडकीपाशी नेलं आणि म्हणाला, "त्यांचा हिवाळा निघणार नाही." मग म्हणाला, "मायदेशी जायचं असेल तर आत्ता पाठवा. अजून चालताहेत, बसताहेत. पुढे तुम्ही त्यांना बोटीवर चढवू शकणार नाही."

मला वाटलं, ठरलं. घरी जाऊन सांगायचं आणि बोटीचं बघायचं. परतवाड्याला घर होतं, जवळच दिलेल्या दोन मुली होत्या, अंगणात स्वतः लावलेला साग होता. माणसाने जायचं तर तिथून जावं. पण परतताना ट्राममध्ये नवऱ्याने माझा हात धरला, उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. बाबांना एक अक्षर कळता कामा नये. खचतील ते." समोरच्या बाकावरच्या जर्मन बायका बघत होत्या. आमच्या देशातली ही काही प्रेमाची तऱ्हा असेल असं त्यांना वाटलं असावं.

मी बी.एस्सी. झालेली बाई. पण डोक्यावर हात ठेवून घातलेली शपथ मोडली तर याचं काही बरंवाईट होईल, ही भीती मला खरोखर वाटत होती. आणि अशी भीती वाटते याचा रागही येत होता. मामंजींना आम्ही सांगितलं, अल्सर आहे. ते "बरं" म्हणाले. मग विचारलं, "घरी कधी जायचं?"

"उपचार पुरे होऊ द्या, बाबा. एप्रिलमध्ये जाल."

"एप्रिल म्हणजे लांब आहे," मामंजी म्हणाले. "तोवर मला यांचं जंगल तरी दाखव."

हे जंगलाचं वेड मला माहीत होतं. त्यांच्या जंगलखात्याची घडी इंग्रजांनी नव्हे, तर इंग्रजांनी आणलेल्या जर्मनांनी बसवली, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. साग केव्हा तोडायचा, कुठला पट्टा किती वर्षं मोकळा सोडायचा, हे सगळं म्हणे या देशातून आलेलं. "म्हणजे हे आमचं आजोळ," असं म्हणायचे. आजोळी येऊन महिने झाले तरी त्यांनी कारखान्याच्या चिमण्यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी उत्तरेकडच्या रानात मोठ्या शिंगांच्या हरणांचे नर ओरडतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते ओरडणं त्यांना ऐकायचं होतं.

नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडे फोक्सवॅगनची बस होती, आत बिऱ्हाड केलेली. गॅसची शेगडी, घडीचं टेबल, उलगडली की पलंग होणारी बाकं, खिडक्यांना चौकड्यांचे पडदे. ती त्याने आम्हाला दिली. नवऱ्याने नकाशावर पेन्सिलीने रेघ मारली: आधी ल्यूनेबुर्गचं माळरान, मग एल्बे नदी ओलांडून थेट समुद्र, तिथे वाळूवर पडलेले सील दाखवायचे. बेत आखताना तो इतका उत्साहात होता की बघवत नव्हतं. ज्याला बोटीवर चढवायचं त्याला हा सील दाखवायला निघाला होता.

आउटोबानवर, म्हणजे तिकडच्या हमरस्त्यावर, मामंजी पुढे बसले. जंगल सुरू झालं की सरसावून बसायचे आणि संपलं की मागे टेकायचे. हानोवरच्या पुढे पाइन लागले, एका वयाचे, एका उंचीचे, सरळ ओळींत. मामंजींनी बराच वेळ पाहून घेतलं.

"हे जंगल नाही रे. ही शाळेतली प्रार्थना आहे."

"त्याचं असं आहे, बाबा, लढाईनंतर सगळं तोडलं गेलं होतं. नव्याने लावलंय."

"लावा की. पण एखादं तरी वाकडं उभं राहू द्यावं."

मी मागे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले म्हणून लक्षात राहिलं.

पहिला मुक्काम माळरानाच्या कडेला केला. तिथली जांभळी फुलं सरून गेली होती, सगळं रान तपकिरी पडलं होतं, मधूनच काळपट राखाडी मेंढ्यांचा कळप जायचा. मी शेगडीवर मऊ भात केला, दूध घातलं. मामंजींनी दोन घास खाल्ले आणि तिसरा भातातच चिवडत बसले. नवरा पाणी आणायला नळावर गेला होता.

"सूनबाई, डॉक्टर नेमकं काय म्हणाला?"

मी पातेलं घासायला घेतलं. "यांना विचारा ना, मामंजी."

"त्याला विचारलं की तो हवामान सांगतो."

खरंच होतं ते. अवघड काही निघालं की नवरा आभाळाकडे बघायचा, ऊन पडेल, पाऊस येईल असं काहीतरी बोलायचा. मी पातेलं घासत राहिले. मामंजींनीही पुन्हा विचारलं नाही. काठीने जमीन उकरत ते मला रानडुकरांनी उकरलेली जागा दाखवू लागले. कालची आहे, म्हणाले, पिल्लंही होती. नवरा पाणी घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं वाकून माती बघत होतो. "बाबा, वाकू नका, टाके आहेत," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेंगाळत पुढे गेलो. मामंजी थकत होते आणि थकलोय असं कबूल करत नव्हते. नर कुठे ओरडला नाही. उन्हं कलली तेव्हा पुढच्या मुक्कामाचं फाटक बंद होण्याआधी पोचायचं म्हणून नवरा घाईला आला. रस्ता लहान होता. एका बाजूला बटाट्याची शेतं, दुसऱ्या बाजूला रान. लाल काठाची तिकोनी पाटी आली, तिच्यावर उडी मारणारं हरीण.

"हळू घे," मामंजी म्हणाले. "ही त्यांची वेळ आहे."

"हळूच आहे, बाबा."

हळू नव्हतं. मागे भांडी वाजत होती. तेवढ्यात शेतातून एक लहानसं हरीण निघालं, दोन उड्यांत रस्ता ओलांडून रानात शिरलं. नवऱ्याने ब्रेकवर ठेवलेला पाय काढला. "गेलं," तो म्हणाला.

"थांब! मागून दुसरं—"

ते दुसरं बसच्या तोंडावर आलं. आवाज मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा होता. मागची भांडी सगळी खाली आली, भाताचं पातेलं माझ्या पायावर उपडं झालं. बस आडवी होऊन थांबली.

हरणी कडेच्या चरात पडली होती. आपल्या भेकरापेक्षा थोडी मोठी, लालसर अंगाची. मागचे पाय गेले होते. पुढच्या पायांवर उठायची, तेवढी उठायची आणि पुन्हा पडायची. तोंड उघडं होतं, पण आवाज करत नव्हती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी पेल्यात पाणी घेऊन निघाले. जीव जातोय म्हटलं की पाणी पाजायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही, हात आपोआप गेला. मामंजींनी मला दंडाला धरून मागे ओढलं. इतक्या जोराने की मी चकित झाले, तेवढा जोर त्यांच्यात उरला असेल असं वाटलं नव्हतं.

"जवळ जाऊ नको. ती आपल्याला भिऊनच जास्त हाल सोसेल. लांब उभी राहा." मग मुलाला म्हणाले, "दिवे बंद कर."

नवऱ्याने दिवे बंद केले. मग तो खाली उतरला, चेपलेला पत्रा दाबून पाहिला आणि म्हणाला, "बस चालेल. चला बाबा, गारठा बाधेल तुम्हाला. ती जाईल आपोआप."

"अशी टाकून?"

"आपण काय करणार आहोत इथे थांबून?"

"काही नाही. पण थांबायचं."

बटाटे भरलेला ट्रॅक्टर घेऊन एक शेतकरी आला. चरात पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आमच्या रंगाकडे आणि माझ्या साडीकडेही पाहिलं, आणि फॉर्स्टरला पाठवतो म्हणाला. फॉर्स्टर म्हणजे तिथला वनाधिकारी. जनावर जखमी झालं तर त्याला बोलवायचं आणि त्यानेच काय ते करायचं, अशी तिकडची रीत. ट्रॅक्टर गेला. उजेड कमी होत चालला. मामंजी गाडीला टेकून उभे होते, माझी शाल त्यांच्या अंगावर, एक हात पोटावर. हरणी डोकं उचलायची, ठेवायची. तिने डोकं उचललं की मामंजी अंग आवरून घ्यायचे. "माझी बंदूक असती तर," असं एकदा पुटपुटले.

नवरा आमच्याकडे पाठ करून पत्र्याशीच खेळत होता. मला त्याचा इतका राग आला, इतका, की आता बोलावंच असं वाटलं. म्हणावं, अहो, जरा इकडे वळून बघा. आपल्या दारात काय चाललंय ते इथे बघा. पण मामंजी मध्ये उभे होते आणि शपथ होतीच. मी पायाला लागलेला भात गवताला पुसत राहिले.

फॉर्स्टर हिरव्या रंगाच्या छोट्या गाडीतून आला. जाडसर, साठीकडे झुकलेला, डोक्याला हॅट. गाडीत कुत्रा भुंकत होता, त्याला त्याने आतच ठेवलं. आम्हाला हाताने मागे सारलं. एक बार काढला. मग हॅट काढून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मामंजींनीही कानटोपी काढली.

फॉर्स्टर चरात उतरला, हरणीचं तोंड उघडून त्याने टॉर्चच्या उजेडात दाढा पाहिल्या, बोट फिरवून पाहिलं. मग वर बघून माझ्याशी बोलला. नवऱ्याची जर्मन प्रयोगशाळेतली. बाजारातली, शेजारणींची जर्मन मला चांगली यायची, म्हणून अशा वेळी पुढे मीच असायचे.

"म्हातारी मादी आहे," तो म्हणाला. "दाढा पार झिजल्यात. हिचा हिवाळा निघाला नसता."

तेच शब्द होते. इस्पितळाच्या खिडकीपाशी ऐकलेले. नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतोय?" मामंजींनी विचारलं.

"म्हातारी आहे म्हणतोय. दाढा झिजल्यात."

"आणि?"

नवरा मान हलवत होता, नको, नको अशी. हरणीबद्दलही नको!

"सूनबाई, तो आणखी काहीतरी म्हणाला."

"हिवाळा निघाला नसता म्हणतोय," मी म्हटलं.

"बरोबर आहे," मामंजी म्हणाले, एखाद्या कनिष्ठाने रिपोर्ट नीट दिला की म्हणावं तसं. "खाता येईना झालं की मग पुढचा कठीण ऋतू निघत नाही. आमच्या चितळांचा उन्हाळा निघत नाही. यांचा हिवाळा."

फॉर्स्टरने कडेच्या स्प्रूसची, म्हणजे तिथल्या सूचिपर्णी झाडाची, हातभर फांदी मोडली आणि तिचा शेंडा वेगळा केला. हे कशाला, असं मामंजींनी मला विचारायला लावलं. तो म्हणाला, हा शेवटचा घास. शिकारी माणूस मारलेल्या जनावराला उपाशी पाठवत नाही, तोंडात हिरवी डहाळी देतो. मोटारीने मेलेल्यांना कोणी देत नाही, पण माझ्या हातून गेलं त्याला मी देतो.

मी हे मराठीत सांगितलं. मामंजींनी तो शेंडा निरखून पाहिला. मग म्हणाले, "त्याला सांग, मी पण फॉरेस्टातलाच. आणि सांग की आमच्याकडे हे माणसाला करतात. तुळशीचं पान आणि पाणी."

मी सांगितलं. फॉर्स्टरने मामंजींकडे नीट पाहिलं, शाल, पिवळट पडलेला चेहरा, पोटावरचा हात, आणि तो शेंडा त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, वाकू नका," नवरा धावत आला. मामंजींनी त्याला हाताने थांबवलं, माझ्या खांद्याचा आधार घेऊन गुडघे टेकले. त्यांचं वजन माझ्या खांद्यावर आलं तेव्हा कळलं, वजन राहिलंच नव्हतं. त्यांनी हरणीचा जबडा सराईतपणे उघडला, डहाळी दातांत ठेवली, जबडा मिटवला. हात तिच्या मानेवर तसाच राहू दिला. आणि मान वर न करता मला विचारलं, "माझ्या वेळी तुळस कुठून आणशील, सूनबाई?"

फॉर्स्टरला शब्द कळले नव्हते, तरी त्याने नजर दुसरीकडे नेली.

"काहीतरीच काय बोलता बाबा," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "साधा अल्सर आहे."

मामंजी माझ्या आधाराने उठले. मुलाकडे बघत राहिले. इतकी माया मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. एरवी ते मुलाशी साहेबासारखंच वागायचे. "हो रे," ते म्हणाले. "अल्सरच आहे. पण तुळस लागतेच ना कधीतरी प्रत्येकाला."

"आणीन मी," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

त्या रात्री फॉर्स्टरने आम्हाला त्याच्याच अंगणात बस लावू दिली. भल्या पहाटे तो मामंजींना गाडीत घालून घेऊन गेला. दोघांमध्ये एकही भाषा नव्हती. उजाडल्यावर परत आले तेव्हा मामंजींचं नाक गारठ्याने लाल झालं होतं. मचाणाची शिडी चढवली नाही म्हणून दोघं खाली ओंडक्यावर बसले होते म्हणे.

"ऐकला," मामंजी म्हणाले. "मला वाटलं होतं सांबरासारखा असेल. पण नाही, रेड्यासारखा ओरडतो. चांगला घसा आहे. चला, आता घरी जाऊ."

"सील राहिले, बाबा," नवरा म्हणाला. "पण बरं, दमला असाल. लुडविग्सहाफेनला—"

"मी घरी म्हणालो."

नवऱ्याने किल्ली फिरवली. चेपलेल्या पत्र्याच्या वरून समोरच्या आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आज ऊन पडेलसं दिसतंय."

आम्ही दक्षिणेकडे वळलो. मामंजी मागच्या बाकावर पडून राहिले, जंगल आलं तरी उठले नाहीत.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात दार लावून नवऱ्याशी भांडले तशी पुन्हा कधी भांडले नाही. म्हटलं, त्यांना कळलंय, तुम्हाला दिसत नाही का? तुम्ही तुमच्यासाठी लपवताय, त्यांच्यासाठी नाही. बोटीचं बघा. तो म्हणाला, या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. पुन्हा हवामान! मी हातातला पेला आपटला. मग तो खाली बसला आणि सासूबाईंचं बोलायला लागला. त्या गेल्या तेव्हा तो इथे परीक्षेत होता, त्याला कळलं तोवर तेरावाही होऊन गेला होता. तोंडातून निघालं की ते खरं होतं, असं काहीतरी तो बोलत होता. मला त्याची कीव आली, पण राग गेला नाही. कीव आणि राग एकाच वेळी येतो तेव्हा माणूस फार वाईट स्वयंपाक करतो. त्या दिवसांतलं माझं एकही वरण नीट झालं नाही, आणि खाणारं तरी कोण होतं.

तुळस मी सगळीकडे शोधली. ड्युसेलडॉर्फच्या, आखेनच्या मराठी विद्यार्थ्यांना विचारलं. कोणाकडे हिंगाष्टक निघालं, कोणाकडे सुंठ, कोणाच्या आईने दिलेलं कुंकू. तुळस कोणी आणली नव्हती. शिकायला निघालेल्या पोराला कोण तुळस बांधून देतं? शेवटी एका माळ्याकडून तिकडची तुळशीसारखी दिसणारी कुंडी आणली आणि मामंजींच्या नाकाशी धरली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"सब्जा," ते म्हणाले. "तुळशीची मावसबहीण. चटणी कर हिची."

नोव्हेंबर सरताना त्यांना पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. बोटीचं नाव आता कोणी काढत नव्हतं. त्यांनीही नाही. खिडकीतून एक बोडकं चेस्टनटचं झाड दिसायचं, त्याच्याकडे बघत पडलेले असायचे. नवरा रोज संध्याकाळी येऊन सांगायचा, आज तोंडावर तेज आहे बाबा. ते मान हलवायचे.

त्या दुपारी मी एकटीच होते. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिला होऊन गेला होता. वॉर्डच्या टेबलावर सूचिपर्णी फांद्यांचं गोल कडं ठेवलेलं, त्यात चार मेणबत्त्या, एक अर्धी जळालेली. घरोघरी असतं तसंच. मामंजींचा श्वास बदलला. नर्स होती, पांढरी टोपी घातलेली जोगीण, तिने नाडी पाहिली आणि कारखान्यात फोन करायला कोणालातरी पाठवलं. मामंजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. तोंड किंचित उघडलं आणि तसंच ठेवलं.

त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं.

मी उठले, टेबलाकडे गेले आणि त्या कड्यातल्या फांदीचा कोवळा शेंडा मोडून घेतला. जोगीण बघत होती. मला वाटलं, ओरडेल. तिने पाण्याचा पेला माझ्या बाजूला सरकवला. मी डहाळी बुडवून पाणी त्यांच्या जिभेवर सोडलं, आणि मग शेंड्याचं टोक ओठांत ठेवलं. त्यांनी ओठ मिटले. एक भुवई जराशी वर गेली, अनोळखी झाड ओळखताना जायची तशी. मग ती तिथेच राहिली.

नवरा आला तेव्हा कोटावर बर्फ होतं, अंगाला कारखान्याचा वास. बोटं गारठलेली, कोटाची बटणं निघत नव्हती. तो तसाच खुर्चीवर बसला. ओठांतली हिरवी डहाळी त्याने पाहिली. तो वाकला, अगदी कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागला.

"बाबा, तो अल्सर नव्हता." मग त्याने सगळं सांगितलं. पोट उघडून परत शिवलं ते. खिडकीपाशी डॉक्टर काय म्हणाला ते. हिवाळ्याचं. आत्ताच घरी न्या म्हणाला होता, ते. मी न्यायला हवं होतं, बाबा, असं तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला, जणू मधलं काही राहून गेलं असेल.

जोगीण त्याला काहीतरी सांगायला पुढे झाली. मी तिच्या दंडावर हात ठेवला. मामंजी तो यायच्या आधीच गेले होते. मी त्याला मध्ये थांबवलं नाही.